मेंढपाळ ब

सरांनी माझं पान दोन बोटांच्या चिमटीत धरलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "लेंड्यांचा वास येतोय."

सेमिनार हॉलमध्ये एलएल.एम.चा सगळा वर्ग बसला होता. डिझर्टेशन जमा करण्याआधी प्रत्येकानं आपला कच्चा मसुदा सगळ्यांसमोर मांडायचा, ही आमच्या विभागाची पद्धत. त्या दिवशी माझी पाळी होती. वर्ग हसला. पहिल्या बाकावरची एक मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. मग सरांना चेव आला. त्यांनी पानाखालची तळटीप मोठ्यानं वाचली.

"धुरपताबाई. मेंढपाळ. प्रत्यक्ष मुलाखत. मुक्काम रानात, तालुका भूम." चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ह्या धुरपताबाई कुठल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्ती म्हणायच्या?"

पुन्हा हशा. धुरपताबाई माझी सख्खी चुलती. वर्गात हे कुणाला माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं. मी समोर उभी होते, मागं भिंतीवर माझी स्लाईड, आणि कानाच्या पाळ्या भाजल्यासारख्या झालेल्या. थोबाडीत मारली असती तर निदान ओरडता आलं असतं. मी पुढची स्लाईड लावली.

कॉलेजचं नाव मी इथं लिहीत नाही. सरांचंही नाही. ते माझे गाईड होते. डिझर्टेशनच्या सुरुवातीला गाईडचं एक प्रमाणपत्र लागतं, त्यावर त्यांची सही लागते. सही नसेल तर विद्यापीठ प्रबंध घेत नाही आणि प्रबंध नसेल तर पदवी नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. त्या सहीची किंमत सरांना बरोबर ठाऊक होती.

विषय त्यांनीच मंजूर केला होता. "नवीन आहे, कुणी केलेला नाही," म्हणाले होते. आमच्याकडं सुगी झाली, रानं मोकळी झाली की शेतकरी आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतो. कळप रात्रभर तिथं बसतो, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, पुढच्या पिकाला फुकट खत. बदल्यात मेंढपाळाला धान्य, पाणी, नाहीतर चराई. सगळं तोंडी. ह्याला आमच्याकडं बोली म्हणतात. तोंडी करार हाही करारच असतो, हे कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकवतात. माझा प्रश्न साधा होता. मग मेंढपाळाची बोली कुठल्याच कचेरीत का टिकत नाही?

ह्यावर पुस्तकं नाहीत. म्हणून मी माणसांकडं गेले. प्रत्येकाला आधी विचारलं, तुमचं नाव लिहू का? नको म्हणाला त्याचं लिहिलं नाही. काकी म्हणाली, "लिही की. नाव काय चोरून आणलंय व्हय?"

तिची बोली होती एका बड्या बागायतदाराशी. सगळे त्यांना तात्यासाहेब म्हणतात. ठरलं असं की आमची मेंढरं आधी त्यांच्या रानात बसतील आणि हरभरा निघाला की त्याच रानात चरतील. बसून झालं. खत पडलं. चरायची वेळ आली तेव्हा त्यांनी गडी पाठवून कळप हाकलून दिला. एका मेंढीचा पाय मोडला. मी तात्यासाहेबांचीही मुलाखत घेतली. त्यांनी मला ओसरीखाली उभं ठेवलं आणि म्हणाले, "कसली बोली? आम्ही उपकार म्हणून बसू देतो." ते मी शब्दन्‌शब्द लिहिलं, खाली तळटीप, तळटीपेत त्यांचं नाव. त्याला लागूनच काकीचं म्हणणं, खाली तळटीप, तळटीपेत तिचं नाव. वकिलानं दोन्ही बाजू मांडायच्या असतात, असं मी त्याच कॉलेजात शिकले.

हॉलमधल्या त्या तमाशानंतर सरांनी मला मसुदा तपासून परत दिला. पानोपानी लाल शाई. तात्यासाहेबांच्या नावाआधी 'श्री.' लागलं होतं, नावानंतर 'प्रगतशील शेतकरी व समाजसेवक'. माझे वडील, आण्णा, झाले होते 'मेंढपाळ अ'. काकी झाली होती 'मेंढपाळ ब'. आणि तेसुद्धा तळटीपेत नाही. पार शेवटच्या परिशिष्टात, जिथं परीक्षक फिरकतही नाहीत.

मी म्हणाले, "सर, मुलाखती तर सारख्याच घेतल्यात."

"सारख्या कशा? ते जबाबदार गृहस्थ आहेत. आपल्या संस्थेच्या बैठकांना असतात."

"नावं झाकायची तर दोघांचीही झाकू, सर."

"आता तू मला संशोधन शिकवणार?"

त्यांनी व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवली. "संदर्भसूची फार बारकी आहे. ही खाली जोड. जाडी दिसली पाहिजे." फाईलमध्ये मागच्या मुलांची तयार सूची होती. निम्मी पुस्तकं माझ्या विषयाची नव्हतीच. सरांचे स्वतःचे लेख मात्र होते. ते कुठं छापून आले, कुणाला ठाऊक नाही. मी सरांकडं दोनदा वाचायला मागितले. दोन्ही वेळा म्हणाले, "नुसतं नाव घाल."

त्या सूचीत एक जाडजूड नावाचा ग्रंथ होता. कुतूहल म्हणून मी ग्रंथालयात गेले. शिपायानं रजिस्टर बघून सांगितलं, "ताई, असलं पुस्तक आपल्याकडं कवाच आलं न्हाय." इंटरनेटवरही नाही. मग मी कपाटातले जुने प्रबंध काढले. एकामागून एक सगळ्यांच्या सूचीत तोच ग्रंथ, तसाच, त्याच जागी. कुणीतरी कधीतरी घुसडला आणि पुढच्या प्रत्येकानं डोळे मिटून उचलला. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर सरांची सही. मला शिसारी आली. जगात नसलेल्या पुस्तकाला इथं मानाची जागा होती, आणि माझ्याशी तास तास बोललेली जिवंत बाई ह्यांना घाण वाटत होती. मी ते प्रबंध परत कपाटात ठेवले आणि नळाखाली हात धुतले.

तरी मी सरांच्या दुरुस्त्या टाईप केल्या. सही हवी होती. छापील प्रत पिशवीत टाकून एसटीनं भूमला गेले आणि तिथून आमचा तळ होता त्या रानात.

काकी अक्षराला अक्षर जोडत वाचते. तिनं पानं मांडीवर घेतली आणि बोट फिरवत बसली. बराच वेळ शोधलं.

"माझं नाव कुठं हाय?"

मी 'मेंढपाळ ब' वर बोट ठेवलं.

"ब म्हंजी कोण गं?"

"तुम्हीच, काकी. सर म्हणाले, असंच लिहायचं."

"आन्‌ तात्याचं?"

तात्यासाहेबांचं आख्खं नाव तिनं स्वतःच वाचलं. 'समाजसेवक'पर्यंत वाचलं. मग पानं माझ्याकडं सरकवली.

"त्याचं नाव हाय आन्‌ माझं न्हाय. मंग बोली त्यानं कुणासंगं केली? भिताडासंगं?"

आण्णा मध्ये पडले. "जाऊ दे गं. पोरीचं शिक्षान व्हऊ दे. आमचं काय, आमी कुठंबी बसतोय."

काकीच्या बोलण्यानं मी शरमले होते. आण्णांच्या बोलण्यानं तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा मला एवढा राग कधी आला नव्हता. कुठंबी बसतोय. हेच ऐकायची सवय लागलीय सगळ्यांना, तात्यासाहेबांना, सरांना, संस्थेला. करार म्हटला की दोन पक्ष लागतात. सरांनी त्यातला एक पक्ष लाल पेनानं खोडला होता, आणि उरलेलं काम माझ्या हातून करून घेतलं होतं. म्हणजे माझ्याच प्रबंधात तात्यासाहेब खटला जिंकले होते. मी लॅपटॉप उघडला. बॅटरी संपेपर्यंत तिथंच बसून एकेक नाव परत लिहिलं.

जमा करायच्या शेवटच्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पानं चाळली आणि थांबले.

"हे काय? 'श्री.' कुठं गेलं?"

"सगळ्यांचंच काढलं, सर. नाव, गाव, व्यवसाय. सगळ्यांना सारखं."

"संदर्भसूची?"

"मी वाचलेली पुस्तकं आहेत."

"आणि माझे लेख?"

"वाचायला मिळाले नाहीत, सर."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तात्यासाहेबांना कळलं तर काय होईल, विचार केलास?"

"त्यांना एक प्रत मीच देणार आहे."

सरांनी माझा प्रबंध टेबलाच्या कडेला सारला. मग सॅनिटायझरची बाटली दाबली आणि दोन्ही तळहात चोळले. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, मला दिसेल असं. माझी पानं चाळल्यावर. मला वाटलं होतं, मी रडेन. रडू आलं नाही. समोरच्या माणसाची फक्त किळस आली. त्याच्या चोळलेल्या हातांची, त्याच्या सहीची, ती सही मिळावी म्हणून इतके दिवस केलेल्या माझ्या "हो सर"ची.

"तुमच्या लोकांना चार अक्षरं आली की..." ते म्हणाले आणि थांबले.

"वाक्य पुरं करा, सर."

त्यांनी केलं नाही.

"सही करत नसाल तर कारणासकट लेखी द्या."

"बाहेर हो."

मी प्रबंध उचलला. खाली पडलेलं एक पान उचललं. बाहेर आले.

तारीख निघून गेली. बाकीच्यांचे प्रबंध जमा झाले. सरांना शाल, नारळ देतानाचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसला. ओढणी धरून हसणाऱ्या मुलीनं मला फोन केला. म्हणाली, "माफी माग आणि मोकळी हो. एका सहीचा तर प्रश्न आहे." आण्णांचंही तेच मत आहे. गावात चर्चा अशी की पोरगी नापास झाली. काकी तात्यासाहेबांच्या रानात आता मेंढरं बसवत नाही.

मी माफी मागणार नाही. गाईड बदलून द्या म्हणून विद्यापीठाकडं अर्ज केलाय, उत्तर आलेलं नाही. पुन्हा करीन. माझं एक वर्ष गेलं, अजून जाईल, तेही चालेल. पण हाच प्रबंध मी जमा करणार, एकही तळटीप न हलवता. पदवी द्यायची तर त्यांना धुरपताबाईंच्या नावासकट द्यावी लागेल. नाही दिली, तर का नाही दिली, हे मी त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून त्यांच्याच तोंडून वदवून घेईन.