टाचेवरचा कॅमेरा

होंगबाई अठरा वर्षं चीनमधल्या छ्वानचौ शहरातल्या आमच्या कॉलेजात व्हिडिओ तंत्रज्ञान शिकवत होत्या, तेही खडूने. फळ्यावर आकृती, खाली झोपलेली मुलं. आमच्या वर्षी त्यांनी वर्गात येऊन खडू खिडकीतून बाहेर फेकला.

"यंदा पेपर नाही. देवळाच्या अंगणात लीयुआन मंडळीचं, म्हणजे आपल्या जुन्या संगीत नाटकवाल्यांचं, नाटक आहे. ते आपण चार कॅमेऱ्यांनी इंटरनेटवर थेट दाखवायचं."

विभागप्रमुख ल्यू सरांनी बजावलं, "फसलं तर लेखी परीक्षा परत. आणि हा विषयही दुसऱ्याकडे."

कॅमेरे बदलायची बटणं माझ्याकडे आली. तालमीत माझा दरवेळी उशीर. नायिका वळून मोकळी झाली की मग माझं बोट उठायचं.

"अजून एकदा," बाई म्हणायच्या.

मंडळीचे ढोलवाले आगोंग, वय अठ्ठ्याहत्तर, हसले. "पोरी, तू तोंड बघतेस. तोंड सगळ्यात शेवटी वळतं."

"मग आधी काय वळतं, आजोबा?"

त्यांनी अनवाणी टाच ढोलाच्या कातड्यावर टेकवली आणि काठी मारली. टाच सरकवली तसा आवाज खोल गेला. त्या आवाजावर नायिकेने मान फिरवली.

बाई ताडकन उठल्या. "चौथा कॅमेरा कुठे लावलाय?"

"प्रेक्षकांवर."

"काढ. आगोंगच्या टाचेवर लाव."

"बाई, जगाला टाच दाखवायची?"

"जगाला कशाला? फक्त तुला."

प्रयोगाच्या दुपारी अंगणाच्या कडेला, माझ्यासमोर चार छोटे पडदे, एकावर नुसती टाच. ल्यू सर मागे येऊन उभे राहिले. "हे काय चाललंय? पाय कुणाचा?"

"शू, सर," बाई म्हणाल्या. "परीक्षा चालू आहे."

टाच सरकली. मी बटण दाबलं. नायिकेचा चेहरा पडद्यावर आला आणि त्याच क्षणी वळला. पुन्हा टाच, पुन्हा बटण. माझी बोटंच ढोल वाजवताहेत असं वाटत होतं. मागे बाई माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून ताल धरत होत्या. सव्वा तासात एकही कट चुकला नाही.

शेवटची काठी पडली. आम्ही सगळे ल्यू सरांकडे बघत राहिलो. ते अजून त्या टाचेकडेच पाहत होते.

"होंगबाई, पुढच्या सत्रात तिथे जरा उजेड टाका. काही दिसत नाही."

बाईंनी माझ्या खुर्चीची पाठ सोडली. अंगणातून आगोंग ओरडले, "मग मी पाय धुऊन येईन!"