अवसेला निघणारी

फोन दादाने उचलला. जव्हारच्या घाटात जीप दरीत गेली होती. डहाणूच्या किनाऱ्यावरून परतणारी हेलेनवहिनी, माझ्या भावाची फ्रेंच बायको, त्या जीपमध्ये होती. त्या दिवशी अमावास्या होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मयतीला आलेल्या प्रत्येकाने ते आईकडे बघत सांगितलं.

वहिनी समुद्री जीवांची अभ्यासक. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर समुद्रफुलांवर, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर, तिचं काम चाललेलं. दादा तिथे शिकायला गेला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती त्याच्यासोबत नाशिकला आली. इथे एका कॉलेजात तिला हसून विचारलं गेलं, "मॅडम, नाशिकला समुद्र कुठाय?" पगारी जागा तिला शेवटपर्यंत मिळाली नाही. फ्रेंचच्या शिकवण्या घेऊन ती स्वतःच्या खर्चाने डहाणूला जायची, खडकांतली तीच डबकी वर्षानुवर्षं बघायला. पाणी सगळ्यात लांब हटतं ते पौर्णिमा-अमावास्येला. पौर्णिमेचं कुणाला काही नव्हतं, अमावास्येला मात्र आई दार अडवायची.

"अवसेला कुणी गावाला निघतं का गं?"

"आई, समुद्र त्याच दिवशी लांब जातो. मी काय करू?"

पहिली काही वर्षं धुसफुस चालली. मग आई दशम्या बांधून द्यायला लागली, पुटपुटत का होईना. पुढे तर वहिनी भरती-ओहोटीच्या वेळा कॅलेंडरवर लिहायची आणि आई तिला आठवण करून द्यायची. पण वहिनी दरवेळी अधिकच गप्प होऊन परतायची. डबक्यांवर तेलाचा तवंग दिसायला लागला होता, समुद्रफुलं विरळ होत चालली होती. "मग जातेस कशाला?" मी एकदा चिडून विचारलं. ती म्हणाली, "आजारी माणसाला भेटायला जातोच ना आपण." मला तिचा राग आला होता. अजूनही येतो.

दहाव्याला नात्यातल्या एक बाई म्हणाल्याच, "तुम्ही किती सांगत होतात, अवसेला निघू नको म्हणून..." दादा शेजारी मान खाली घालून बसला होता. त्याने तिला कधीच अडवलं नव्हतं. आईने नुसती मान डोलावली असती, तरी तो तिथेच मोडला असता.

आई म्हणाली, "तिच्या कामाचा दिवस होता तो." आणि ती पाणी आणायला उठून गेली.

काल पुन्हा अमावास्या होती. दादा सकाळीच निघाला, डहाणूला, त्याच घाटातून. आई दाराशी आली तेव्हा मला वाटलं, आता ती दार अडवणार. दारामागे वहिनीचे गमबूट आहेत, पोलिसांनी परत दिलेले, आत वाळू तशीच. आईने ते हाताने थोडे बाजूला सरकवले, दादाला जायला वाट केली आणि दशम्यांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं.

"ओहोटी संध्याकाळी आहे," ती म्हणाली. "सावकाश जा."