नवख्या गड्याचं सोनं

धाराशिवच्या स्टँडामागं माझ्या नेहमीच्या न्हाव्याचं सलून आहे. दाढी करताना त्याची एक नजर गालावर आणि दुसरी टीव्हीवरच्या कबड्डीवर असते, म्हणून मी खुर्चीत अंग चोरून बसतो. मोबाइलवर तो मित्रांबरोबर खऱ्या खेळाडूंचा आपापला संघ करायची फँटसी कबड्डी खेळतो. त्यात एकदा निवडलेला खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याच संघात राहतो. यंदा त्यानं एका मोठ्या रेडरमुळं कायम राखीव बसणारा एक नवखा रेडर, म्हणजे चढाईपटू, घेतला होता.

"ह्याला कशाला घेतलं?" मी विचारलं.

"आजचं न्हाय, पुढचं बघा सर. पाय लई हलका हाय त्याचा. त्या मोठ्या रेडरचा गुडघा गेला, की आपल्या गड्याचं सोनं!"

हे तो हसत हसत रोजच म्हणायचा.

परवा संध्याकाळी वस्तरा माझ्या गळ्यावर असतानाच तो मोठा रेडर पकडीत सापडला आणि गुडघा धरून किंचाळला. पातं कातडीला टेकलेलं, आणि त्याच्या दोन्ही नजरा टीव्हीवर.

"हात काढा," मी कसाबसा म्हणालो.

त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि टीव्हीकडं पाठ केली. "आई भवानी, म्या गमतीनं म्हणत व्हतो," तो पुटपुटला.

नवखा गडी मैदानात उतरला आणि पहिल्याच रेडमध्ये दोन गुण घेऊन आला. बाकड्यावरची गिऱ्हाइकं ओरडली. हा मात्र भिंतीकडंच तोंड करून उभा होता.

"सर, त्यो उठला का, तेवढं सांगा."

मैदानाच्या कडेला मोठ्या रेडरला स्ट्रेचरवर ठेवत होते.

"न्हाय अजून," मी म्हणालो.