तडे जाणारी घरं बांधणारे आमचे भाऊजी

भाऊजी गेले.
आणि मला सकाळपासून त्यांची ती चिखलाची परात आठवून हसू येतंय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या ताईला बघायला केनवडचं स्थळ आमच्याकडे आसेगावला आलं होतं. मुलगा स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूकंपात टिकणाऱ्या इमारती, हा त्याचा विषय.

बाबांनी कौतुकानं विचारलं, "मंग तुमच्या बिल्डिंगा एकदम पक्क्या असतीन?"

कोणीही शहाणा माणूस "हो" म्हणून मोकळा झाला असता.

भाऊजी म्हणाले, "नाही. मोठा भूकंप आला तर तडे जातीनच. फक्त कुठं जायचे, ते मी आधी ठरवतो."

बाबा आत आले आणि आईला म्हणाले, "फुटनारी घरं बांदनाऱ्याले पोरगी कशी देऊ?" तेही बाहेर नीट ऐकू जाईल इतक्या हळू!

दाराआड ताईचं तोंड एवढंसं झालं. तिला मुलगा आवडला होता.

भाऊजींनी परात मागितली. तिच्यात चिखल कालवून काटक्यांची दोन घरं रोवली. एकाचे खांब बारीक, तुळया जाड. दुसऱ्याचे खांब जाड, तुळया बारीक. आत कणकेचा एकेक माणूस. नवी पँट चिखलानं भरली, तरी गडी खूश.

मग थेट ताईला म्हणाले, "तुमी हलवा. जोरात."

मान वर करायची नाही, अशी ताकीद मिळालेल्या माझ्या ताईनं पदर खोचला आणि परात गदागदा हलवली.

पहिलं घर आडवं. माणूस चपटा.

दुसऱ्याच्या तुळया तडकल्या. घर कललं, पण खांब उभे.

ताई ओरडली, "बाबा, तडे गेले, पन मानूस जिता हाये!"

बाबांना हसू आवरेना. "आता पोरगीच बोलून राह्यली, मंग मी काय बोलू?"

लग्न ठरलं.

पुढं संसारात भांडण झालं की ताई जाहीर करायची, "आज तुळईले तडा गेला." भाऊजी मुकाट्यानं चहा टाकायला उठायचे. किती प्रेम होतं हो दोघांचं!

आज ताई फार रडली. नातू म्हणाला, "आजी, नको ना रडू."

डोळे पुसत ती म्हणाली, "रडू दे मले, बापू. तुळईले तडा गेला. खांब उभा हाये."

भाऊजी, तुम्ही बांधलेलं टिकलंय. निश्चिंत जा.

जय भीम.