मोर्णेचा ताप पाहणारे पारेमास्तर

पाण्याला ताप आहे की नाही हे पाहिल्याखेरीज पारेमास्तर पाण्यात पाय घालत नसत. पाणी नदीचं असो, विहिरीचं असो, नाहीतर लग्नघरच्या हंड्यातलं असो. कोटाच्या आतल्या खिशातून एक पितळी नळी निघे, नळीतून काचेचा तापमापक निघे, तो सुतळीला बांधून पाण्यात सोडला जाई आणि मास्तर डोळे मिटून मनातल्या मनात आकडे मोजत उभे राहत. नवखा माणूस त्यांना संध्या करणारा समजून हात जोडी. पारेमास्तर हे नाव तापमापकातल्या पाऱ्यावरून पडलेलं; त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते अकोल्यात टपालवाल्यालाही ठाऊक नव्हतं. पाकिटावर नुसतं 'पारेमास्तर, जुने शहर, अकोला' असं लिहिलं तरी पत्र बरोबर पोचे. उलट खरं आडनाव लिहिलेली दोन पत्रं 'असा इसम येथे राहत नाही' असा शेरा घेऊन परत गेल्याचं मी पाहिलं आहे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळातली ही गोष्ट. मी नुकती सनद घेतलेला वकील होतो आणि मला अशील सोडून सगळं काही होतं. मास्तर एका शाळेत शास्त्र शिकवीत. ते चांदूर बाजारकडच्या शेतकरी घरातले, घरात शिकलेले पहिलेच. नागपूरच्या कॉलेजात जाऊन आले तरी बोली बदलली नव्हती. जुन्या शहरात एकाच घराच्या दोन भागांत आम्ही भाडेकरू होतो, मधे एक फळ्यांची भिंत. त्या भिंतीतून मला त्यांच्या घरातलं सगळं ऐकू येई, आणि त्यातलं निम्मं मोर्णा नदीविषयी असे. एकदा वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, तीन दिवस तापानं पडल्या होत्या. मी विचारपूस करायला गेलो तर अंथरुणातूनच म्हणाल्या, "यायले माह्या तापाची खबर नाही, भाऊ. नदीचा ताप मात्र मागच्या वर्षीचाबी पाठ हाये."

हे खरंच होतं. रोज सकाळी शाळेआधी आणि दुपारी शाळा सुटल्यावर मास्तर नदीवर तीन ठिकाणी जात: गावाच्या वरचा झाडीतला डोह, मधला धोबीघाट आणि त्याच्या खालचा उघडा डोह. तिन्ही ठिकाणचे अंश वहीत लिहायचे. नुसते अंश नव्हेत. ऊन की ढग, वारा कुठला, पाणी किती हात खोल, काठावर माणसं किती, हेही लिहायचं. त्यांच्या एका वहीत मी वाचलं होतं: 'म्हशी अकरा. पैकी एक उठावयास तयार नाही.' मी हसलो तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले की म्हैस बसली की गाळ उठतो, गाळ उठला की पाणी काळं होतं, आणि काळं पाणी ऊन जास्त पितं. म्हशीला ते दोष देत नव्हते. पण तिला मोजल्यावाचून सोडायलाही तयार नव्हते.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मी त्यांना आग्रहानं नेलं, ही माझी पहिली चूक. नवऱ्या मुलाचे पाय धुवायला काकांनी तांब्या उचलला आणि मास्तरांनी त्यांचा हात धरला. तापमापक तांब्यात गेला. "थांबा," ते म्हणाले, "जावयाचे पाय सोलून निघतीन." वरपक्षाची माणसं खवळली. आमच्या मुलाला दवाखान्यात आणलंय की मांडवात, असं कोणीतरी विचारलं. तेवढ्यात वरपित्यानं खात्री करायला तांब्यात बोट घातलं आणि ते इतक्या चपळाईनं बाहेर काढलं की वाद तिथंच मिटला. त्या वर्षी मास्तरांना तीन अनोळखी घरांतून लग्नाचं आमंत्रण आलं, तिन्ही मुलाकडच्यांची.

नदीवर ते काय करतात याविषयी गावात मतं होती. काहींना वाटे, सरकार पाण्यावर पट्टी बसवणार आहे आणि हा माणूस मोजणी करतोय. काहींना वाटे, ते नदीला औषध देतात. धोबीघाटावरची गिरजाबाई मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून ओळखून होती. वयानं साठीची, आवाजानं अख्ख्या घाटाची मालकीण. तिनं एकदा त्यांना सांगितलं, "मास्तर, त्या काचेले कायले तरास देता, मले इचारा. चाळीस वर्सं झाले, हात पान्यातच हाये."

दुसरा कोणी असता तर हसून पुढं गेला असता. मास्तरांनी वहीत नवा रकाना आखला: 'गिरजाबाईचा हात'. महिनाभर रोज ती आधी हात घालून कालच्यापेक्षा कमी की जास्त ते सांगे, मग काच पाण्यात जाई. महिन्याच्या शेवटी ते माझ्याकडे आले ते अगदी पडलेल्या चेहऱ्यानं. म्हणाले की बाई दोनदा चुकली, पण दुसऱ्यांदा ती चुकली की आपण, हे सांगता येत नाही, कारण त्या दिवशी आपला चष्मा घरी राहिला होता.

तो उन्हाळा कडक निघाला. नदीची धार करंगळीएवढी झाली, आणि एका दुपारी घाटाच्या खालच्या डोहात मासोळ्या पोट वर करून तरंगू लागल्या. वास गावात शिरला. नदीकाठची जमीन रावसाहेबांची होती. हे निवृत्त तहसीलदार, काठावर त्यांचा मळा आणि मळ्यात बंगला. त्यांनी चार प्रतिष्ठित मिळवून नदी-सफाई मंडळी काढली होती, आणि मंडळीनं पहिल्याच बैठकीत ठरवलं की मासे धोब्यांच्या धुण्याच्या खारानं मेले, तेव्हा धोब्यांनी महिन्याच्या आत घाट सोडावा. चाळीसएक घरं त्या दगडांवर जगत होती. गिरजाबाई माझ्या दारात आली. ती माझी पहिली अशील.

मी मास्तरांच्या वह्या मागितल्या. आम्ही दोघं दोन दिवस त्या चाळत बसलो, आणि गोष्ट अशी दिसली. घाटाच्या जरा खाली, वळणावर, सरकीच्या तेलाची एक गिरणी होती. दुपारी तीनच्या सुमारास तिच्या बॉयलरचं कढत पाणी एका झाकलेल्या नालीतून डोहात येई. रोज दुपारी तो डोह तापे, आणि रविवारी, गिरणीच्या सुटीला, तापत नसे. मी आनंदानं उडालोच. मग मास्तरांनी शांतपणे आणखी एक पान उलटलं. धोब्यांच्या भट्टीतून निघालेले गरम कपडे पाण्यात पडतात तेव्हा घाटावरचं पाणीही एखाद्या अंशानं चढतं, हे त्यांनी तिथं लिहिलेलं होतं. मी त्यांना समजावलं की हे पान बैठकीत काढायची गरज नाही, कोणी विचारलं तरच बोलावं. त्यांनी मान हलवली. मी ती होकाराची समजलो.

बैठक रावसाहेबांच्या बंगल्याच्या ओसरीवर भरली. मधे मेज, भोवती मंडळीचे पाच सभासद, पायरीवर गिरजाबाई आणि अंगणात धोबी. मी मोठ्या तयारीनं प्रस्तावना केली आणि मास्तरांना उभं केलं. त्यांनी पहिलंच वाक्य उच्चारलं ते भट्टीच्या पानावरचं. अंगणात कुजबुज झाली, गिरजाबाईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मास्तरांचा कोट ओढला. ते माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वकीलसाहेब, पानी कोनाच्याच बाजूनं नसते."

रावसाहेब खूश झाले. त्यांनी मास्तरांना पुढं बोलायला सांगितलं, आणि तिथं ते फसले. मास्तरांनी पिशवीतून स्टोव्ह काढून मेजावर ठेवला. पंप मारताना तो असा भडकला की उजवीकडच्या सभासदांनी आपली पगडी पोटाशी धरली, आणि ती बैठक संपेपर्यंत खाली ठेवली नाही. स्टोव्ह शांत झाल्यावर काचेच्या भांड्यात पाणी तापू लागलं. तळाशी बारीक बुडबुडे आले. रावसाहेब म्हणाले, पाणी उकळलं. मास्तर म्हणाले, उकळायला अजून पुष्कळ अवकाश आहे, ही पाण्यातली हवा आहे. "मासोळी याच्यावरच जगते. पानी तापलं का हवा निघून जाते, आन् मासोळी पान्यात राहून गुदमरते. खारानं नाही मेल्या त्या. श्वास नाही भेटला त्यायले."

मग त्यांनी रविवारचे आकडे वाचले. आता सभासदांना एकच वाट उरली, काच खोटी ठरवायची. पगडीवाल्यांनी तापमापक हातात घेतला, डॉक्टर झटकतात तसा झटकला, आणि तो मेजाच्या कडेवर आपटून फुटला. पाऱ्याचे मणी मेजभर धावले. पाच प्रतिष्ठित माणसं बोटांनी ते पकडायला लागली, आणि जितकं पकडावं तितके त्या मण्यांचे आणखी मणी होत गेले. मास्तर तेवढे हलले नाहीत. नागपूरहून आणलेली, बारा वर्षं छातीशी बाळगलेली ती काच होती. त्यांनी कागदाची घडी करून मणी एकेक करून त्यात लोटले. मला त्या माणसाविषयी इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, आणि खटला हरल्याचं दुःख तर वेगळंच.

पारा पुडीत बांधून झाल्यावर ते रावसाहेबांना म्हणाले की काच गेली, पण काचेइतकंच खरं सांगणारं माणूस पायरीवर बसलं आहे. मंडळी हसली. बाईच्या हातावर आम्ही भरवसा ठेवायचा का, असं रावसाहेबांनी विचारलं. गिरजाबाई उठली. "माह्या हातावर कावून ठेवता, रावसाहेब? तुमाले देवानं पाय देल्ले ना? शनवारी तीन वाजता घाला, आन् रइवारी तीन वाजता घाला."

अंगणभर धोबी उभे असताना नाही म्हणणं कठीण होतं. शनिवारी दुपारी रावसाहेब धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन डोहाकाठच्या दगडावर बसले. पलीकडच्या जुन्या शहराचा काठ माणसांनी भरला होता. तीन वाजले, नाली वाहू लागली. रावसाहेब तहसीलदारी बाण्यानं बसून राहिले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग मिशी हलू लागली, आणि शेवटी त्यांनी पाय असे काढले की शेजारी काढून ठेवलेला एक जोडा डोहात गेला. रविवारी तेच ऊन, तोच दगड, तीच वेळ. पाय पाण्यात घालून ते पाऊण तास बसले आणि त्यांना पेंग येऊ लागली. उठवलं तेव्हा ते नुसतं म्हणाले, "घाट राहू द्या."

तिथं थांबतील ते मास्तर कसले? त्यांनी रावसाहेबांना जोडा शोधून दिला आणि देता देता सांगितलं की हा डोह अर्धा गिरणीनं तापवला, अर्धा तुम्ही. काठावरचे करंज आणि जांभूळ रावसाहेबांनीच त्या गिरणीला सरपणाला दिले होते, आणि झाडीतला वरचा डोह त्याच उन्हात थंड राहत होता. मी डोळे मिटून घेतले. पण पाय भाजलेल्या माणसाला काही गोष्टी लवकर पटतात. गिरणीवाला रावसाहेबांचा व्याही होता. पावसाळ्याआधी गिरणीच्या आवारात एक हौद खणला गेला, तिथं पाणी निवू लागलं, आणि मगच ते नदीत येऊ लागलं. काठावर रोपं लागली. त्यांना पाणी घालायचं काम गिरजाबाईनं घाटावर वाटून दिलं आणि भट्टीचे कपडे आधी काठावर निववायचा नियमही केला. सावली पडायला दहा वर्षं तरी लागतील, असं मास्तर म्हणाले. तोवर आपण आहोतच.

ते नव्हते. दुसऱ्याच वर्षी त्यांना अमरावतीच्या शाळेत जावं लागलं. सामान गाडीत चढलं तेव्हा ते पुन्हा पुन्हा एकच तक्रार करत होते, की अमरावतीला नदी नाही, आहे तो नाला. आठ दिवसांनी पत्र आलं. नाला वाटला तितका वाईट नव्हता, वडाळीच्या तलावाचं पाणी फार समजूतदार होतं, आणि वहिनींना हवा मानवली होती. मी दरवर्षी एकदा तिकडं जाई. ते रोपांची उंची विचारत, मी दंडाएवढी, डोक्याएवढी असं सांगे. दंड कोणाचा, डोकं कोणाचं, हे त्यांना नीट सांगावं लागे. येऊन पाहा, असं मी म्हणे. सावली पडल्यावर येतो, असं त्यांचं उत्तर ठरलेलं. ते आले नाहीत. एका हिवाळ्यात न्यूमोनियानं चार दिवसांत गेले. वहिनींचं कार्ड आलं, त्यात दोनच ओळी होत्या.

मी कार्ड घेऊन घाटावर गेलो. गिरजाबाई तेव्हा फार थकली होती, धुणं सुनांकडे गेलं होतं. ती तेव्हा लावलेल्या जांभळाखाली बसली होती. मी सांगितलं. तिनं सुनेला हाक मारून दगडावरचे कपडे उचलायला सांगितले, आणि मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी घाट बंद होता. सोमवार होता आणि सगळ्या वकिलांचे कपडे घाटावर अडकले होते. कोर्टात आम्ही एकजात मळक्या गळपट्ट्या घालून उभे राहिलो. एकानं तर पंचाच गळ्याभोवती गुंडाळला होता. न्यायाधीश नागपूरकडचे, शिस्तीचे. त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि हा काय प्रकार आहे असं विचारलं. मी उठलो आणि सांगितलं, आज धोबीघाट बंद आहे, एक मास्तर वारले म्हणून.

"धोब्यांचे कोण होते ते?"

"ते मोर्णेचा ताप पाहत," मी म्हणालो. न्यायाधीशांनी स्वतःच्या गळपट्टीला हात लावला. तीही शनिवारचीच होती. "बसा," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिला मुकदमा पुकारायला सांगितला.