जिन्याच्या मधल्या टप्प्यावरचं टेबल

लॉन्ड्रीच्या तळमजल्यावर दवाखान्यांच्या चादरी धुतल्या जात आणि वर काचेच्या केबिनमध्ये मॅनेजरसाहेब बसत. सुपरवायझरचं टेबल जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, म्हणून सगळे त्यांना मधलेभाऊ म्हणत. चिडली की बायकोसुद्धा.

एकोणीस वर्षं त्यांनी एक काम मन लावून केलं. वरचं खाली आणि खालचं वर पोचवताना वाटेत त्याचे कोपरे घासायचे. "ही माणसं आहेत की ठोकळे?" असं साहेब म्हणाले, की खाली जाईपर्यंत त्याचं "साहेबांना तुमच्याकडून फार अपेक्षा आहेत" झालेलं असे. खालून निघालेली शिवी वर पोचताना नम्र सूचना होई. त्यामुळे साहेबांना कामगार समंजस वाटत, कामगारांना साहेब देवमाणूस, आणि मधलेभाऊंना आम्लपित्त.

आठवड्यापूर्वी इस्त्रीच्या रोलरवरच्या मावशी तणतणत जिना चढून आल्या. हात लागला की मशीन थांबवणारी पुढची दांडी तीनदा दाबूनही हलली नव्हती. "विचारा साहेबांना, कुणाची बोटं शिजल्यावर येणार आहात का बघायला?"

वर जाऊन मधलेभाऊ म्हणाले, "दांडीकडे जरा सवडीनं बघितलं तर बरं, असं मावशींचं मत आहे."

"सवडीनं ना? मग बघू पुढच्या महिन्यात."

"साहेबांनी मनावर घेतलंय," ते खाली येऊन म्हणाले. "कारागीर येईलच."

तेव्हापासून त्यांना एका जागी बसवेना. रोलरचा आवाज जरा बदलला की ते उठून कठड्यावरून वाकून बघत. जेवताना दोनदा उठत. मावशींची दहा बोटं त्यांनी इतक्यांदा मोजली, की मावशीच म्हणाल्या, "काय हो, अंगठी शोधताय का?"

आज त्यांनी वाकून बघितलं, तर मावशी अडकलेली चादर ओढायला रोलर चालू असतानाच त्याच्या तोंडाशी हात नेत होत्या. मधलेभाऊ तीन-तीन पायऱ्या उतरले आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

"अहो, हात!"

"त्यात काय? दांडी झाली ना दुरुस्त? परवा पाना घेऊन आला होता की एकजण."

"तो नळासाठी आला होता, मावशी."

मावशी स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. मधलेभाऊ वर गेले ते दार न वाजवताच. "साहेब, मावशी विचारतायत, कुणाची बोटं शिजल्यावर येणार आहात का बघायला?"

"ही काय भाषा झाली? मागच्या आठवड्यात तर त्यांचं मत होतं!"

"मत मी बनवलं होतं. हे त्यांचं वाक्य आहे."

साहेब खाली आले. दांडी स्वतः दाबून बघितली. ती जागची हलली नाही. "दुरुस्त होईपर्यंत हे मशीन बंद," ते म्हणाले, आणि मावशींकडे वळले. "तुम्ही खरंच तसं म्हणालात?"

"म्हणाले. आणि तुम्ही मनावर घेतलं होतंत?"

"मी? मी पुढच्या महिन्यात म्हणालो."

दोघांनी एकदमच मधलेभाऊंकडे बघितलं.

"आणखी काय काय सांगितलंय तुम्ही आम्हाला?" साहेबांनी विचारलं.

मावशींनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा साहेब. आम्हालाही ऐकायचंय."

मधलेभाऊ उभेच राहिले. एकोणीस वर्षांत सुरुवात नेमकी कुठून करावी, ते त्यांना ठरवता येईना.