भिंतीतला जिना

भिवंडीच्या बाजारातल्या जुन्या मशिदीचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा मोजमाप घ्यायला मला बोलावलं. मी पडघ्याची, जुन्या इमारतींचे नकाशे काढते. मशिदीच्या विश्वस्तांतल्या सगळ्यांत वयस्कर गृहस्थांना सारा बाजार चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. दुपारची नमाज आटोपली की असरपर्यंत, म्हणजे उन्हं उतरतानाच्या नमाजेपर्यंत, आत कुणी नसतं. तेवढ्या वेळात काम करायचं ठरलं.

बाहेरून मशीद दिसतच नाही, कापडाच्या दुकानांनी झाकलीय. आत गेलं की सागाचे खांब, एकेक माझ्या कवेत न मावणारा. "खाडीतनं आणलेत," चाचा म्हणाले, "तवा गलबतं पार इथवर यायची." भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. वर कौलं. मिनार तेवढा अलीकडचा, सिमेंटचा.

नकाशा जुळवायला बसले आणि दक्षिणेच्या बाजूला अडले. भिंतीची जाडी वजा केली तरी बाहेरच्या आणि आतल्या मापात चार फूट उरत होते. फीत चुकली असेल म्हणून पुन्हा गेले. पुन्हा तेच चार फूट.

त्या दिवशी शुक्रवार होता. जुम्म्याची गर्दी पांगली होती. एरवी मागच्या गल्लीतले कापड विणायचे लूम इतके खडखडतात की फरशीतून तळपायाला कळतं. शुक्रवारी ते बंद. मी भिंतीवर बोटाने ठोकलं. आवाज पोकळ आला. कान लावला.

आत कुणीतरी चढत होतं.

सावकाश, एकेका पायरीवर दम घेत, म्हातारं माणूस चढतं तसं. मी मोजत राहिले, कारण मोजायची सवय. अकराव्या पायरीनंतर आवाज थांबला. उतरल्याचा आला नाही.

नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायचा, वजूचा हौद अंगणात आहे; चाचा त्याच्या काठावर बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी आधी पाणी दिलं.

"किती मोजल्यास?"

"अकरा. चाचा, भिंतीत कोण आहे?"

"कोण न्हाय. जिना हाय. मिनार नव्हता तवा बांगी त्यावरनं छपरावर चढून बांग द्यायचा. मिनार झाला, जिना चिणला. माझ्या बापालापण अकराच ऐकू यायच्या."

"मग ते काय करायचे?"

"वजू करायला उठायचे," चाचा म्हणाले. "नमाजाची वेळ झालेली असायची ना."

मी घड्याळात पाहिलं. असरला दहा मिनिटं होती.

दुरुस्ती सुरू झाल्यावर गवंड्याने ती भिंत फोडली. आत खरोखरच जिना होता, खांदे घासतील इतका अरुंद. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. धूळ बोटभर जाड, तिच्यावर उंदराचाही माग नव्हता. मोजायचं काम माझं, त्यामुळे टॉर्च घेऊन मीच चढले. चिणलेल्या भिंतीतला दगड गार लागत होता. दहाव्या पायरीवर उभी राहून मी पुढचीवर हात टेकला. ती कोमट होती. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

वर कौलं होती, उन्हाने तापलेली. दगड तापला असणार. असं मी स्वतःला सांगितलं, आणि तिथूनच फीत टाकून उरलेलं माप घेतलं. अकराव्या पायरीवर पाय ठेवला नाही.

खाली आल्यावर गवंडी म्हणाला, "मॅडम, फिर से बंद कर दूँ?"

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी पुढे होऊन त्या अंधारात डोकावलं. "न्हाय," म्हणाले, "एवढी वर्सं कोंडून ठेवलं, बस झालं. दार लाव. कडी नको."

सुताराने जुन्याच सागाचं दार बसवलं. छप्पर झालं, गळती थांबली. नकाशे द्यायला गेले तेव्हा मी चाचांना विचारलं, दार उघडल्यापासून काही ऐकू येतं का?

"आता कान द्यायला लागत न्हाय," चाचा म्हणाले, आणि नकाशाची गुंडाळी काखेत मारून वजूला निघाले.